भट्टीचा छापा

माहं गाव भंडाऱ्याकडचं, साकोलीच्या पुढं, जंगलाच्या कडेले. बाप जाडंभरडं कापड विणे, माय मोहाचे फुलं वेचे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडे. मी अन् माह्याहून लहान एक बहीण, कवतिका तिचं नाव. माहं नाव सुगंधा. आता नाव सुगंधा अन् चेहरा असा, लोक हसत, मीही हसे. हे वण तुम्ही पाहूनच राहिले ना मघापासून, पाहा, लाजायचं काही नाही त्यात. देवीचे आहेत.

आमच्या गावात देवी काढणारा, म्हंजे देवीची लस टोचणारा, आला होता. सरकारचा माणूस, पेटी घेऊन. पाटलाच्या घरी जेवला, गावातल्या लेकराईच्या हातावर त्यानं देवी काढल्या, मंग आमच्या वस्तीकडं आला तर चिंचेच्या झाडाखालीच थांबला. पुढं येईना. बापानं आमाले दोघीईले दोन्ही कडेवर घेतलं होतं, तसाच उभा होता तो वाट पाहत, अन् कोतवाल येऊन सांगते का लस सरली. सरली नव्हती. तो आमाले शिवणार कसा, हा सवाल होता. दुसऱ्या उन्हाळ्यात गावात देवी आली, कवतिका गेली, मी राहिली. लहान होती, मले तवा काही समजलं नाही. मोठी झाल्यावर समजलं तवा जो धक्का बसला तो आजपर्यंत तसाच आहे. एक माणूस पेटीत जीव घेऊन झाडाखाली उभा राहते अन् परत जाते, असं कसं होऊ शकते, तुम्ही सांगा.

असा चेहरा, मंग लग्न कोण करणार. पण देवाजीनं केलं. माहा मालक. त्याचं म्हणणं असं का चेहऱ्यानं भाकर भाजत नाही. लय बोलणारा नव्हता, पण बोलला तर असं बोले. नागपूरले दीक्षा झाली, आमच्या घरातले देव आम्ही नदीत सोडले, अन् त्याच्या मांगंच भिलाईची बातमी आली. कारखाना होऊन राहिला, काम आहे, अन् तिथं कोणी जात विचारत नाही. आमच्याकडचे लय लोक निघाले. आम्हीही निघालो, मी, देवाजी अन् माही सासू.

काय सांगू तुमाले तवाची भिलाई. आता तुम्ही नेहरू नगर, वैशाली नगर पाहता, तवा धानाचे वावरं होते अन् लाल माती. उडे इतकी का कपडे वाळू घातले का लाल, भात लाल, लेकराईचे केस लाल. टिनाच्या झोपड्याईचा कॅम्प. एका बाजूले तेलुगू, एका बाजूले पंजाबी, मांगं छत्तीसगडचे, मधात आम्ही. गोरे रशियावाले टोप्या घालून फिरत. अन् त्या सगळ्याईच्या वर ती लोखंड गाळायची भट्टी, दिवसा पाहा का रात्री, वर वर चढूनच राहिली. देवाजी खलाशी होता, म्हंजे दोर बांधून उंचावर लोखंड चढवायचं काम. एक दोर दोघाईचा. त्याचा जोडीदार होता बिसाहू.

बिसाहू छत्तीसगडचा, बेमेतऱ्याकडच्या खेड्यातला, बायको गावाकडंच. त्याच्या गावात तो आमच्या हातचं पाणी प्यायला नसता, इथं आमच्या चुलीपाशी बसून जेवे. मले भौजी म्हणे, म्हंजे वहिनी. माह्या हातची अंबाडीची भाजी त्याले अशी आवडे का मी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवो. प्रकाश झाला, माहा पोरगा, तवा त्याच्यासाठी लाकडाची गाडी त्यानंच करून आणली होती. हे सगळं मी कावून सांगून राहिली, तर तो कोणी राक्षस नव्हता हे तुमाले समजलं पाहिजे. राक्षस असता तर सोपं झालं असतं.

पुढं तो दारू पिऊ लागला. आधी घरी, मंग कामावर. एक दिवस पिऊन वर चढला, दोर हातातून सुटता सुटता राहिला. देवाजीनं त्याले समजावलं, एकदा नाही, किती तरी डाव. नाही ऐकलं तवा फोरमनले जाऊन सांगितलं का ह्याले खाली ठेवा, हा एक दिवस सगळ्याईले घेऊन पडेल. त्याले खाली नाही ठेवलं, कामावरूनच काढून टाकलं.

त्या सांजेले मी नळावर होती, घागर लावून. देवाजी कामावरून येऊन मांगं पाय धुऊन राहिला होता. मले आवाज आला, वाटलं कोणाची घागर पडली. मांगं पाहिलं तर देवाजी आडवा, अन् बिसाहू उभा, हातात बेलचा, मोठं फावडं. भांडण नाही, शिवी नाही, एक बोल नाही. बेलचा खाली टाकला अन् तिथंच चिखलात बसला. पोलीस आले तरी तो तिथंच बसून होता. देवाजी दवाखान्यात गेला तो शुद्धीवर आलाच नाही. माही घागर भरून वाहून राहिली होती अन् नळ बंद करायचं कोणाले सुचलं नाही, तेवढंच मले दिसते अजून.

मी रडली नाही. सासू रडे, मी तिच्याकडं पाहो. लोकाईले वाटलं हिचं डोकं फिरलं.

विहारातले रामटेके काका होते, वस्तीतले सगळ्यात शिकलेले, त्याईनं खटपट केली अन् मले दवाखान्यात आयाचं काम लागलं. तिथं होती अन्नम्मा सिस्टर, केरळची नर्स. तिची हिंदी कोणाले समजत नव्हती, माही तिले समजे अन् माही बोली कॅम्पातल्या बायाईले समजे. सरकारनं तवा घरोघरी देवी काढायचं काम काढलं होतं. सिस्टर टोचे, मी हात धरो. हात हालला का जखम वाकडी होते, म्हणून घट्ट धरावा लागते. छत्तीसगडचे लोक ह्या टोचण्याले छापा म्हणत. बाया दार लावून घेत, माता कोपेल म्हणत. मी दारात उभी राही अन् पदर मांगं करी. पाहा म्हणो माहा चेहरा, मातेनं मले हे दिलं, अन् माही बहीण नेली, तुमाले काय पाहिजे तुम्ही सांगा. मंग दार उघडे. असं लय दिवस चाललं, अन् मले त्या कामात जीव रमवता आला. कोणाच्या दारातून मी परत नाही फिरली, चिंचेखाली उभी नाही राहिली.

मंग दुर्गच्या जेलाची गोष्ट आली. जेलात कैदी छापा घेईना. डॉक्टर गेले, तर कैद्याईनं अन्न सोडलं. जबरदस्ती करायची तर दंगा होईल, असं जेलरसाहेबाले वाटे. भला माणूस होता. तो स्वतः विहारात आला रामटेके काकाकडं, अन् छत्तीसगडच्या सतनामी पंथाच्या वस्तीतले बुजुर्ग होते मंगल बबा, त्याईच्याकडंही गेला. म्हणे माह्यावर त्याईचा भरवसा नाही, डॉक्टरवर नाही, तुम्ही त्याईचे लोक, तुम्ही या. मंगल बबाचा एक पुतण्या आत होता. बबा आधी एकटे जाऊन त्याले भेटले अन् विहारात येऊन सांगितलं.

गोष्ट अशी होती का जेलात कोणीतरी उठवलं होतं, भट्टी बळी मागते. इतकी मोठी भट्टी चालू ठेवायची तर तिच्या पोटात माणूस द्यावा लागते, पुलाले देतात तसा. बाहेरचा माणूस नेला तर बोंब होईल, म्हणून कैदी नेणार. अन् ज्याच्या हातावर छापा त्याले नेणार, छापा म्हंजे निवड. बकऱ्याले जसा टिळा लावतात तसा.

आम्ही त्या भट्टीच्या बुडाशी राहून राहिलो होतो, तिच्या धुरात लेकरं वाढवून राहिलो होतो, अन् दुर्गात, इथून डोळ्यानं दिसते तेवढ्या दूर, माणसं तिच्याकडं पाहून मरणाची वाट पाहत होते. रामटेके काका रागावले, म्हणे अडाणीपणा आहे. बबा म्हणे, अडाणीपणा नाही गुरुजी, ज्याले कोणी विचारत नाही त्याले हेच खरं वाटते. मंग असं ठरलं का भट्टीवाल्या वस्तीचे लोक जाऊन सांगतील तर ते ऐकतील. अन् रामटेके काका माह्याकडं पाहून म्हणाले, सुगंधा, तुह्या मालकानं ती भट्टी चढवली, तू चाल.

बिसाहू कुठी आहे हे मले माहीत नव्हतं. लंबी सजा झाली होती, त्याले रायपूरले नेलं असं ऐकलं होतं. नेलंही होतं. तिथून परत आणलं हे मले कोणी सांगितलं नाही, अन् कोण सांगणार.

काका, बबा, पेटी घेऊन सिस्टर अन् मी, आम्ही चौघं गेलो. जेलाचं अंगण, लिंबाचं झाड, अन् ओळीनं बसलेले माणसं. मले वाटलं होतं चेहरे भयंकर असतील. नव्हते. आपल्या कॅम्पातलेच वाटत. बबानं आधी भजन म्हटलं, दोन-चार जणाईनं मागून म्हटलं. मंग मी उभी राहिली. मले भाषण येत नाही. मी म्हटलं, मी भट्टीपाशी राहते, माहा मालक तिच्यावर चढून लोखंड बसवत होता, रोज जाये अन् रोज घरी जेवायले ये. एक म्हातारा कैदी मधातच बोलला, मंग बाई तुह्या कपाळावर कुंकू कावून नाही, त्याले कोणं नेलं? मी म्हटलं, माहा माणूस भट्टीनं नाही नेला. माणसानं नेला.

तेवढं बोलली अन् मांगच्या बाजूले, रांधणीच्या दारात एक जण उभा होता तो पुढं आला. हातात भाताचा झारा होता. दाढी वाढलेली, वाळलेला. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, भौजी.

काय सांगू तुमाले. त्या आवाजानं मी ओळखलं त्याले. माह्या पायाखालची जमीन गेली म्हणतात ना, तसं नाही झालं, उलटं झालं, सगळं जागच्या जागी थांबलं. बबा, सिस्टर, ते लिंब. मले फक्त नळाचा आवाज ऐकू येऊन राहिला होता, अन् तिथं नळ नव्हता.

तो जेलात रांधणीवर होता. सगळे त्याच्या हातचं जेवत, म्हणून त्याचं ऐकत. अन् तोच सगळ्यात आधी छाप्याले नाही म्हणाला होता, हे मले जेलरनं मंग सांगितलं. आता तोच सगळ्याईच्या समोर बसला, बाही वर केली अन् हात पुढं केला. म्हणाला, मोला पहिली लगा दे. मले पहिले लाव. अन् म्हणे, भौजीनं हात धरला पाहिजे, दुसऱ्या कोणी नाही.

सिस्टरले काही माहीत नव्हतं. ती माह्याकडं पाहून राहिली, का हात धर. रामटेके काकाले माहीत होतं. ते उठले, म्हणे सुगंधा, चाल घरी. मी नाही उठली. मी पुढं गेली अन् तो हात धरला. कावून धरला, तर मले नाही सांगता येत. रोजची सवय होती, कोणी हात पुढं केला का धरायचा, तसा धरला. दोराचे घट्टे होते त्याच्या तळव्याले, देवाजीच्या तळव्याले होते तसेच, तिथंच. एका दोराचे दोघं. गरम हात होता. ह्याच हातानं, हे माह्या डोक्यात आलं, अन् सिस्टरनं टोचलं. त्यानं हूं केलं नाही. त्यानं डोळे मिटले होते अन् त्याचे ओठ हालून राहिले होते.

त्या दिवशी दुसऱ्या कोणी नाही घेतलं. सगळे म्हणे आधी ह्याचं काय होते ते पाहू.

हप्त्याच्या आतच जेलरचा माणूस आला. बिसाहूले ताप भरला, हात सुजला, कैदी बोंबलून राहिले का सुरू झालं, सिस्टरले अन् त्या बाईले घेऊन या. ताप येतेच छाप्यानं, लागला याचीच ती खूण असते, पण त्याईले कोण सांगणार. आम्ही गेलो. तो कोपऱ्यात पडला होता जमिनीवर. अंगावर कांबळ नाही. सिस्टर चिडली, ह्याचं कांबळ कुठी आहे. तर समजलं का त्यानं वाटून दिलं. कांबळ एकाले, थाळी एकाले, तंबाखूची डबी त्या म्हाताऱ्याले. रांधणीचं काम दुसऱ्याले शिकवून झालं होतं.

मले पाहून तो उठून बसला अन् विचारलं, भौजी, कब ले जाहीं मोला? मले कवा नेतील?

मी म्हटलं, कुठी?

तो म्हणे, भट्टीत.

मले समजेना. तो एकदम शांत बोलून राहिला होता, जसं गाडीचा टाइम विचारावं. तो म्हणे, तू आली तवाच मी समजलो. छापा सगळ्याईसाठी नाही, माह्यासाठी आला. मी आधी भ्यालो होतो म्हणून नाही म्हणत होतो. पण तू आली. तुहाच हक्क होता. देवाजीनं चढवलेली भट्टी आहे, तिच्यात मीच गेलो पाहिजे. म्हणून म्हटलं तूच हात धर.

तवा मी खालीच बसली. म्हंजे ज्या दिवशी मी हात धरला, त्यानं तो मरणासाठी पुढं केला होता. त्याले वाटलं मी त्याचा जीव घ्यायले आली, अन् त्यानं बाही वर केली. अन् मी, मी सवयीनं धरला. अशी गोष्ट तुम्ही कुठी ऐकली का? मी नाही ऐकली. देवाजी गेला तवा नाही रडली ती मी तिथं रडली, जेलाच्या फरशीवर, सिस्टर घाबरून पाणी आणायले पळाली. रडताना मले समजत नव्हतं कोणासाठी रडून राहिली.

मंग डोळे पुसले अन् त्याले म्हटलं, बिसाहू, ऐक. तुले कोणी नेत नाही. हा ताप उतरेल, त्याच्यावर खपली धरेल, खपली पडेल, अन् तू जगशील. मी तुले मारायले नाही आली.

त्यानं सुजलेला हात मांडीवर घेतला. मंग म्हणाला, मंग मी काय करू?

मी म्हटलं, कांबळ परत माग. थंडी आहे.

खपली पडली. तो रोज भात वाढताना बाही वर करून वाढे, असं जेलर सांगे. कोणाले बोलला नाही, फक्त हात दिसू दे. बबा अन् रामटेके काका जातच राहिले. आधी तो म्हातारा पुढं आला, मंग बबाचा पुतण्या, मंग सगळे. सिस्टर टोचे, मी हात धरो. पुढच्याच उन्हाळ्यात दुर्गच्या बाजारात देवी निघाली. जेलात एक नवा कैदी अंगावर फोड घेऊनच आला. त्याले वेगळ्या खोलीत ठेवलं, अन् त्याची सेवा बिसाहूनं केली. दुसऱ्या कोणाले जेलात देवी नाही आली. तो नवा माणूसही वाचला, चेहरा माह्यासारखा झाला, पण वाचला.

पण माह्या घरात जे झालं तेही सांगते. गोष्ट वस्तीत फिरली, सासूच्या कानावर गेली. मी घरी आली तर तिनं एका कोपऱ्यात तीन विटा मांडून वेगळी चूल केली होती. मले एवढंच बोलली, ज्या हातानं माहं लेकरू मारलं तो हात तू धरला, आता तुह्या हातचं मी खात नाही. मी समजवायले गेली, रामटेके काका गेले, तिनं कोणाचं ऐकलं नाही. त्याच एका खोलीत आम्ही दोघी वेगळं रांधत राहिलो. भांडलो नाही कधी. प्रकाश दोन्ही चुलीवर जेवे. शेवटी शेवटी ती खाटेवर होती, तिचं हागणंमुतणं मीच केलं, ते तिनं करू दिलं, पण पाणी मात्र प्रकाशच्याच हातचं प्याली. मी तिले चूक नाही म्हणत. तिचं लेकरू होतं.

अन् एक गोष्ट. काही सालांनी दवाखान्यात एक बाई आली, संगं पोरगी. पोरीले छापा पाहिजे म्हणे, पण हात सुगंधाबाईच धरेल असं सांगून ठेवलं आहे. कोणं सांगितलं विचारलं तर ती खाली पाहून राहिली. मंग पोरगीच बोलली, माह्या बाबूनं, जेलातून. ती बिसाहूची बायको होती. तिनं शेवटपर्यंत मान वर नाही केली. मी पोरीचा हात धरला, सिस्टरनं टोचलं, पोरगी भोकाड पसरून रडली, तिचा बाप जसा रडला नव्हता तशी. तो सुटला असेल पुढं. आमची भेट झाली नाही. मी शोधलं नाही, त्यानंही नाही शोधलं.

आता प्रकाश कारखान्यातून रिटायर झाला, आम्ही वैशाली नगरले राहतो. गुडघे गेले माहे. नातवंडं हिंदीतच बोलतात, माही भाषा ऐकून हसतात, हसू दे. विहारात कोणी कोणी विचारते, आजी, तुम्ही त्याले माफ केलं का. देवाजी मले रोज आठवते, अन् तो कांबळ वाटून बसलेला माणूसही आठवते, दोघं एकाच वेळी आठवतात. इतकी म्हातारी झाली तरी जात नाही ते, आता जाणारही नाही.

तुम्ही लिहूनच राहिले तर देवाजीचं नाव नीट लिहा. तो लोकाईचा जीव वाचवायले बोलला होता, म्हणून गेला. अन् बिसाहूचंही लिहा. तुमाले लेकरू आहे ना? त्याचे लसीचे टिके झाले सगळे? झाले तर बरं. जा मंग, घरी वाट पाहत असेल ते. सुखी राहा बाई.